अवरेकाईच्या दिवसांतली दोन मिनिटं

डिसेंबर लागला की आमच्या बंगलोरच्या एचएसआर लेआउटमधल्या इमारतीच्या फाटकाबाहेर अवरेकाईची हातगाडी येऊन उभी राहते. अवरेकाई म्हणजे खरं तर आपल्या पावट्याचीच बहीण, पण हे इथल्या माणसासमोर बोलायची सोय नाही, भांडण व्हायचं. थंडीचे दोन महिने हे गाव दुसरं काही खातच नाही. उपमा अवरेकाईचा, आमटी अवरेकाईची, तांदळाच्या भाकरीतसुद्धा तेच दाणे. शेंग चांगली की वाईट हे डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतं. दवात वाढलेल्या शेंगेला एक तेलकट, उग्र, तरी हवाहवासा वास असतो. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात आणि गाडीवाल्याला आधी तेच विचारतात, सोगडु आहे का? तो वास बोटांना लागला की दोनदा साबण लावूनही दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही.

सून सोललेले दाणे मोबाइलवरून मागवते. "आई, रेडीमेड मिळतंय तर हा सगळा टाइमपास कशाला?" असं तिचं म्हणणं. बरोबर आहे तिचं. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-दोन तास काढणाऱ्या बाईला मी शेंगा सोलायला बसवणार नाही. मी आपली दुपारी गुपचूप खाली जाते, किलोभर शेंगा घेते आणि बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसते. खाण्यापेक्षा वासासाठी. कारण तो वास आला की मला गिटार ऐकू येते. ह्या वयात कानांत काहीबाही वाजायचंच, असं डॉक्टर म्हणतील, म्हणून मी हे कुणाला सांगत नाही.

ती गिटार माझ्या बाबांची. बाबांना आयुष्यात एकच तुकडा वाजवता आला. दोन मिनिटांचा, उदास, एकट्या गिटारीचा. त्याच्या मागं ना ताल, ना साथ, ना शब्द. तो त्यांनी एका हिवाळ्यात शिकून घेतला आणि त्याच हिवाळ्यात आमच्या घराचं काहीतरी कायमचं तुटायचं ते वाचलं.

साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतला तो हिवाळा. मी तेरा वर्षांची होते. आम्ही मल्लेश्वरमला राहायचो, एका कौलारू घराच्या अर्ध्या भागात. लाल गुळगुळीत जमीन, परसात पेरूचं झाड, न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा हंडा. बाबा पुण्याचे. सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायच्या खात्यात होते. सकाळी सात वाजता कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची, तेव्हा धुकं इतकं असायचं की बसचे दिवे आधी दिसायचे आणि बस नंतर. बाबा कानटोपी घालून, डबा सांभाळत धुक्यात शिरायचे. आई सांगलीची. काम करताना गुणगुणायची तिची सवय होती. कणीक मळताना वेगळं, केर काढताना वेगळं. आईचं गुणगुणणं ऐकून ती काय करतेय हे मी अभ्यासाच्या जागेवरून सांगू शकत असे.

त्या वर्षी श्रावणात मला भाऊ झाला. तो अकरा दिवस होता. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं होतं, पुण्याहून कुंची आली होती, शेजारच्या तुळसाक्कांनी त्यांच्या घरातला शिसवी पाळणा पाठवला होता. अकराव्या दिवशी पहाटे तो गेला. काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाबा आणि कारखान्यातले दोघेजण त्याला घेऊन गेले, दुपारच्या आत परत आले, आंघोळी केल्या. तिसऱ्या दिवशी बाबा पुन्हा कारखान्याच्या बसमध्ये बसले.

आमच्या घराण्यात दात न आलेल्या बाळाचं काही करत नाहीत. दहावं नाही, तेरावं नाही. कुणी भेटायला यायचं नाही, कुणाला रडायला बसवायचं नाही. नावच ठेवलेलं नव्हतं, तर हाक तरी काय मारून रडणार? पुण्याहून पत्रं आली. सगळ्यांनी सारखंच लिहिलं होतं, जणू एकाच पाटीवरून उतरवून घेतलं होतं. धाकट्या काकांचं वाक्य मला अजून पाठ आहे: "अजून कशाला सुरुवातही झाली नव्हती, तेव्हा वहिनींनी मनाला लावून घेऊ नये." आईनं ते पत्र वाचलं, घडी घातली आणि डब्याखाली ठेवून दिलं. पाळणा परत गेला. तुळईला त्याचा आकडा तेवढा राहिला.

त्या दिवसापासून आईचं गुणगुणणं थांबलं. ती रडली नाही, आजारी पडली नाही, स्वयंपाक एक दिवस चुकला नाही. माझ्या वेण्या घालायची, मीठ संपलं म्हणून सांगायची. पण त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. बाबांशी कामापुरतं बोलायची, आणि बाबा तर मुळातच कामापुरते बोलणारे. दोघं जेवायला समोरासमोर बसली की ताटं तेवढी वाजायची. मला भीती वाटायची की हे असंच चालू राहणार, हे दोघं म्हातारे होतील, मी लग्न होऊन जाईन आणि ह्या घरात तो विषय कुणी कधीच काढणार नाही. लहान असले तरी मला एवढं कळत होतं की हे फार वाईट होईल.

घरात येऊन बसणारी एकच बाई होती, ती तुळसाक्का. तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. हे त्या अशा सांगायच्या की जणू गेल्या रविवारीच सामान उतरवलंय. त्यांची कानडी मिसळलेली, 'बरं'ला 'सरी' म्हणणारी मराठी ऐकून मी सुरुवातीला तोंड लपवून हसायचे. डिसेंबरात त्या सुपात भिजवलेले दाणे घेऊन परसदारी आल्या आणि आईशेजारी पायरीवर बसल्या.

"हे बघा वैनी, स्वल्प दाबायचं. जास्ती नको. आपणच येतंय भायेर."

भिजलेला दाणा अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबला की साल हातात राहते आणि आतली हिरवी डाळ टुणकन उडी मारून पातेल्यात पडते. आई शिकली. मग रोज दुपारी चारनंतर दोघी तिथं बसलेल्या असायच्या. तुळसाक्का जगाच्या गोष्टी बोलायच्या. आई "हं" म्हणायची. "सरी, तुमी बोलू नका, मी बोलते," असं तुळसाक्कांनी एकदा सरळ सांगूनच टाकलं. आमच्या नात्यातल्या एकाही शहाण्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

दसऱ्यानंतर बाबा दर रविवारी सकाळी सायकल काढून कँटोन्मेंटला जायला लागले होते. कारखान्यातले फोरमन, हॅरिस नावाचे अँग्लो-इंडियन गृहस्थ, तिकडे क्लीव्हलँड टाउनला राहायचे. मला वाटलं, कामासाठी जात असतील. मग एका रविवारी बाबा परत आले ते सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बांधून. चादर सोडली तर आत गिटार.

आजच्या मुलांना ह्यात लाजण्यासारखं काय ते कळायचं नाही. पण त्या वेळच्या मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत एका घरात वीणा, दुसऱ्यात व्हायोलिन, तिसऱ्यात पहाटे उठून गाणारी मुलगी. गिटार ही कँटोन्मेंटची वस्तू. तिच्याबरोबर केक, फुगे, गाऊन घातलेल्या बायका आणि जोडीनं नाचणं येतं, अशी आमची पक्की समजूत. बेचाळीस वर्षांचा, कपाळाला गंध लावणारा माझा बाप गिटार घेऊन आला, तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाबा, कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, मशीनचा पार्ट आहे," बाबा म्हणाले. ते थट्टा करताहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला, कारण श्रावणानंतर त्यांनी थट्टा केली नव्हती.

आईनं गिटारीकडे एकदा पाहिलं, "ती चादर धुवायची आहे," म्हणाली आणि आत गेली.

बाबांना स्वरांचं काही कळत नव्हतं. त्यांना ड्रॉइंग कळत होतं. म्हणून त्यांनी त्या तुकड्याचं ड्रॉइंग काढलं. मोठ्या पांढऱ्या कागदावर सहा तारांच्या सहा रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि कुठलं बोट केव्हा कुठं पडायचं त्याचे आकडे घातलेले ठिपके. डाव्या हाताचं निळ्या पेन्सिलीनं, उजव्याचं तांबड्या. बाजूला मापं. एके ठिकाणी करंगळी दोन पट्ट्या ओलांडून लांब न्यायची होती, तिथं बाबांनी खरोखरच अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलं होतं. हॅरिससाहेबांनी ते पाहून कपाळाला हात लावला म्हणे. "मिस्टर करंदीकर, ह्यानुसार इंजिन चालेल, गाणं नाही चालणार," असं ते इंग्रजीत म्हणाले, आणि तरी पुढच्या रविवारी त्यांनीच पेन्सिल घेऊन त्यात दोन दुरुस्त्या केल्या. तो कागद मागच्या पडवीत, पंचांगाच्या शेजारी चार खिळ्यांनी ठोकलेला होता.

संध्याकाळी बस सोडून गेली की बाबा हातपाय धुऊन पडवीत बसायचे. दार ओढून घ्यायचे, पण ते दार कधी नीट लागलंच नाही. सुरुवातीचे काही दिवस नुसती तारांची तडतड. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मी कानात बोटं घालून भूगोल पाठ करायचे. मग हळूहळू त्या तडतडीतून काहीतरी निघायला लागलं. जाड तारेवर अंगठ्याचा एक खोल स्वर, आणि त्याच्यावर बारीक तारांवरून एकेक पायरी उतरत येणारी चाल. चार पायऱ्या उतरायची, थांबायची. पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उतरायला लागायची. मध्यात एकदा ती वर चढायची, तेवढा वेळ सगळं उजळल्यासारखं वाटायचं, आणि बरोबर तिथंच ती करंगळीची लांब टांग होती. तिथं बाबा रोज अडखळायचे. ते जमलं की चाल परत आपली पहिल्या पायरीवर यायची, उतरायची, आणि सहाच्या सहा तारा एकामागून एक हळू वाजून सगळं संपायचं.

एकदा मी परसातून पाणी आणत होते. बाबांची संध्याकाळची तालीम चालू होती आणि आई पायरीवर दाणे सोलत होती. तुळसाक्का नुकत्याच गेल्या होत्या. आईची पाठ पडवीकडे. तिचे हात चालू होते, डाळ पातेल्यात पडत होती, आणि मधली चढण आली तशी तिची बोटं थांबली. दाणा तसाच चिमटीत. बाबा अडखळले. आईनं खांदे किंचित खाली सोडले. बाबांनी पुन्हा मागून सुरुवात केली. आईची बोटं पुन्हा चालायला लागली आणि पुन्हा त्याच जागी थांबली. मी बादली घेऊन तशीच उभी. पाचव्या की सहाव्या खेपेला बाबांची करंगळी पोचली, चाल पुढे सरकली, आणि आईच्या हातातला दाणा टुणकन उडाला. ती हे कितीएक दिवस ऐकत होती कोण जाणे. त्या दिवसापासून मी कानात बोटं घालणं बंद केलं.

मध्यंतरी नातवानं मला सांगितलं, "आजी, तू नुसतं गुणगुण, फोन गाणं ओळखतो." मी दार लावून घेतलं, फोनसमोर बसले आणि ती चाल गुणगुणले. फोननं पहिल्यांदा मला एका लोरीचं नाव सांगितलं, दुसऱ्यांदा कुठल्याशा चहाच्या जाहिरातीचं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. नातू हसून लोळला. त्या तुकड्याचं नाव हॅरिससाहेबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना तो त्यांच्या वडलांनी बोटं धरून शिकवला होता, आणि वडलांना कुणी हे वडलांनी सांगितलं नव्हतं. आता मी शोधतही नाही. सापडलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी निघेल, अशी थोडी धास्तीच वाटते.

बाबा गिटारीच्या वाटेला गेले कसे, हे त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं, आई गेल्यानंतर. दसऱ्याच्या सुमारास एका ड्रॉइंगवर सही घ्यायला ते हॅरिससाहेबांच्या घरी गेले होते. साहेबांनी त्यांना व्हरांड्यात बसवलं, "दोन मिनिटं थांबा" म्हणाले, गिटार घेतली, तो तुकडा वाजवला, गिटार ठेवली आणि मग सही केली. त्यांची बायको वर्षापूर्वी गेली होती. रोज एकदा तिच्यासाठी वाजवायचं, मग दुसरं काम, असा त्यांचा नेम. बाबा उठायला लागले तेव्हा साहेबांनी विचारलं, "आणि तुम्ही तुमच्या बाळासाठी काय केलंत?"

"मी म्हटलं, आमच्यात काही करत नाहीत," बाबा मला सांगत होते. "तर तो माणूस काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मग तुम्ही करा."

रीत मोडायची बाबांची छाती नव्हती. श्राद्ध करतो म्हटलं असतं तर भटजींनीच वेड्यात काढलं असतं. पण गिटार वाजवू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. मी हसले आणि मग मला रडू आलं. त्या हिवाळ्यात मी समजत होते की त्या दुःखात माझा बाप कोरडा राहिला.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचं तिळगूळ संमेलन असायचं, एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. बंगलोरभरची मराठी बिऱ्हाडं जमायची. बायकांचं हळदीकुंकू, मुलांची लेझीम आणि मधे कुणाचं तरी गाणं. त्या वर्षी गाणाऱ्या बाईंचा घसा बसला. मंडळाचे चिटणीस कुलकर्णी घरोघर फिरून माणसं गोळा करत होते, त्यांना आमच्या पडवीत गिटार दिसली.

"करंदीकर, तुम्ही वाजवा की!"

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. बाबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आत आई भांडी आवरत होती. "वाजवतो," ते म्हणाले.

"राग कुठला लिहू?"

"राग नाही."

"बरं, मग चीज कुठली?"

"नाव नाही तिला."

कुलकर्णींनी वहीत लिहून घेतलं: गिटारवादन, श्री. करंदीकर, अर्धा तास. तबल्याला गोडबोले. तबला नको, हे सांगायचं बाबांना सुचलं नाही, आणि गिटारीला तबला लागत नाही हे कुलकर्णींना सुचणं शक्य नव्हतं.

हॅरिससाहेबांनी बाबांना निघताना एक गोष्ट बजावली होती. तारा घरूनच लावून जायच्या, जाऊन बसायचं, वाजवायचं, उठायचं. लोकांसमोर तारा पिळत बसणं त्यांच्या लेखी असभ्य. ते स्वतः असते तर पुढचं सगळं टळलं असतं, पण त्या दिवशी त्यांना यायला जमलं नव्हतं. बाबा आज्ञाधारक विद्यार्थी. ते मंचावर गेले, एका पायाखाली विटेएवढा लाकडी ठोकळा ठेवून खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि वाजवायला लागले.

आता आपली रीत काय? कलावंत येतो, बसतो, तंबोरे जुळतात, तबला जुळतो, लोक खोकून घेतात, पानाचे डबे उघडतात, शेजाऱ्याची विचारपूस होते. सूर लागले की मग गाणं. तेव्हा बाबांची बोटं हळूहळू एकेका तारेवरून फिरायला लागली तसं हॉलमधल्या सगळ्या शहाण्यासुरत्या रसिकांनी एकच अर्थ काढला, की करंदीकर तारा लावताहेत. बायका तिळगुळाच्या पुड्या मोजत राहिल्या. पुरुषांत कारखान्यातल्या बढत्यांची चर्चा चालू राहिली. आणि शेजारी बसलेले गोडबोले, भला माणूस, आपलं काम करायला लागले. त्यांनी हातोडी उचलली. ठक्. ठण्. तबला फिरवला. पुन्हा ठक्. बाबांचा खोल स्वर कानात घेत त्यांनी अगदी मन लावून तबला जुळवला.

बाबा थांबले नाहीत. मी पुढच्या सतरंजीवर होते, मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. चढण आली, करंगळी पोचली, चाल उतरली, सहा तारा वाजल्या. संपलं. बाबांनी तारांवर तळवा ठेवला.

"हं, माझा लागला," गोडबोले म्हणाले. "करा सुरू."

"झालं," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"एवढंच आहे ते. झालं."

पुरुषांत कुणीतरी हसलं. कुलकर्णींना घाई झाली. ते उभे राहून दोन्ही हात वर करून म्हणाले, "मंडळी, शांतता! करंदीकरांनी सूर लावून घेतलेत. अजून सुरुवात व्हायची आहे!"

बाबा खुर्चीवरून उठायच्या बेतात होते. मी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. आई उभी होती.

"सुरुवात झाली होती," आई म्हणाली. फार मोठ्यानं नाही, पण हॉल तिच्याकडे वळला. पाच महिन्यांत तिचा आवाज मंडळात कुणी ऐकला नव्हता. "सुरुवात झाली होती, आणि ते पूर्ण झालंय. तुम्ही ऐकलं नाहीत." तिच्या पदराला मागून कुणीतरी ओढलं, तो तिनं सोडवून घेतला. आणि मग सांगलीच्या नाटकगृहात पुरुष जसे शेवटच्या रांगेतून ओरडतात, तशी ती ओरडली, "वन्स मोअर!"

सभ्य घरातल्या बाईनं वन्स मोअर म्हणायचं नसतं. त्या काळी तर नाहीच. कुलकर्णींचे हात वरच्या वर राहिले. हॉलमध्ये कुणीतरी हसायला घेतलं आणि मधेच गप्प बसलं. काकांच्या त्या पत्रातलं वाक्य आणि कुलकर्णींचं वाक्य एकच आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते माझी स्वतःची मुलं झाल्यावर, रात्रीची त्यांची इवली अंगं कुशीत धरून पडलेली असताना. अकरा दिवस म्हणजे कशाचीही पूर्वतयारी नसते. तो आला होता, तो दूध प्यायला होता, तो जांभया द्यायचा, त्याला उजव्या कुशीवर झोप लागायची. हे सगळं झालेलं होतं, आणि सगळे मिळून आईला सांगत होते की अजून काही झालंच नव्हतं.

बाबा पुन्हा बसले. गोडबोलेंनी हातोडी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. ह्या वेळी हॉलमध्ये आवाज नव्हता. बाहेर शाळेच्या आवारात लेझीमवाली मुलं कुजबुजत होती तेवढीच. बाबांनी पहिल्यापेक्षाही हळू वाजवलं. अंगठ्याचा खोल स्वर, वरून उतरत येणारी चाल, थांबणं, पुन्हा उतरणं. आई बसली नाही. ती उभ्याउभ्याच ऐकत होती, आणि मधल्या चढणीला तिनं डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पाच महिन्यांचं, आणि ती ते पुसत नव्हती. मी तेरा वर्षांची मुलगी, मला चारचौघांत आई रडलेली मुळीच चालली नसती. त्या दिवशी चाललं.

टाळ्या बेताच्याच वाजल्या. दोन मिनिटांच्या वस्तूला किती टाळ्या द्यायच्या ह्याचा हिशोब कुणालाच ठाऊक नव्हता. गोडबोले मात्र मंचावरून उतरताना बाबांना म्हणाले, "माफ करा हो करंदीकर. मला कळलंच नाही." बाबांनी त्यांचा हात हातात धरला. कुलकर्णींनी लगेच लेझीम आत बोलावली.

आम्ही ऊन उतरायच्या सुमाराला घरी निघालो. कॅरिअरला आडवी बांधलेली गिटार हलत होती, म्हणून बाबा सायकल हातात धरून चालत होते आणि दुसऱ्या बाजूनं आई गिटारीला हात लावून होती. मी मागून तिळगुळाची पुडी घेऊन. रस्त्याच्या कडेला कडुनिंबांची रांग, त्याखाली शेकोट्या पेटायला लागल्या होत्या. दोघंही समोर बघत चालली होती. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन पुन्हा ताटंच वाजणार.

"त्याची बोटं तुमच्यासारखी होती," आई म्हणाली.

बाबा चालायचे थांबले.

"लांब," आई म्हणाली. "पाचव्या दिवशी माझं बोट धरलं होतं त्यानं. सोडीचना."

"माझंही धरलं होतं," बाबा म्हणाले.

आईनं गिटारीवरचा हात काढला आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

शेकोटीजवळची माणसं आमच्याकडे बघत होती. भर रस्त्यात, सायकल मधे धरून, माझे आईबाप उभे होते.

"कधी धरलं होतं?" आईनं विचारलं, आणि बाबा सांगायला लागले.